वाघोबाचं अनावरण

ज्ञानापुढे सगळी माणसं सारखी असतात. आमच्या मुरबाडच्या व्याख्यानमालेत हे वाक्य दरवर्षी प्रास्ताविकात येतं, आणि ते ऐकण्यासाठी पहिल्या रांगेत सोफे मांडलेले असतात. दुसऱ्या रांगेत गादीच्या खुर्च्या, त्यामागे प्लॅस्टिकच्या, आणि सगळ्यात मागे सतरंजी. सोफ्यावरची माणसं उशिरा येतात आणि लवकर जातात. सतरंजीवरची माणसं जीप मिळेल तेव्हा येतात आणि परतीची जीप नसते म्हणून शेवटपर्यंत बसतात. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते. निवृत्त शिक्षिकेची समाजातली जागा इतकी नेमकी मला दुसऱ्या कुणी दाखवलेली नाही.

व्याख्यानमाला दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये असते. तेव्हा तालुकाभर भातकापणी चालू असते. एकही शेतकरी फिरकत नाही आणि ‘ग्रामीण भागातली वैचारिक उदासीनता’ हा समितीचा लाडका विषय वर्षानुवर्षं ताजा राहतो. एका दिवसाच्या व्याख्यानाला आमच्याकडे पुष्प म्हणतात. गेल्या वर्षी चार पुष्पं होती: धर्म, राजकारण, स्थलांतर आणि इतिहास. मी चारही ऐकली. राग यायला एकच पुरेसं होतं, पण मी सुरुवातीपासून सांगते.

सुरुवात शहापूरला झाली. शहापूरची व्याख्यानमाला आमच्याहून जुनी आहे आणि तिथली माणसं ते विसरू देत नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी व्यासपीठावर फुलांच्या परडीऐवजी एक गंजलेली तलवार मांडली. कुणाच्या माळ्यावरची होती, कुठल्या लढाईतली होती, कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण वक्ते बोलताना तिच्याकडे हात करत होते आणि फोटो चांगले आले. आमचे अध्यक्ष तो कार्यक्रम पाहून आले ते पोटात दुखतच. त्यांचं विटा-सिमेंटचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. माझ्या शाळेची एक खोली बांधायला त्यांनी विटा दिल्या होत्या.

“शहापूरकडे तलवार आहे,” ते बैठकीत म्हणाले. “आपल्याकडे काय आहे?”

आपल्याकडे काय आहे हे इतिहासाच्या वक्त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात माळशेज घाटात धबधबे बघायला जाताना ते वैशाखरे गावाच्या पुढे चहाला थांबले होते. तिथून आत एक पाडा आहे. पाड्याच्या वेशीवर ऐनाच्या झाडाखाली गुडघाभर उंचीचा, शेंदूर माखलेला दगड त्यांनी पाहिला आणि अध्यक्षांना फोन केला, “वीरगळ असण्याची शक्यता नाकारता येत नाही.” वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरासाठी कोरलेला दगड. शक्यता नाकारता येत नाही म्हणजे आहेच, असा अर्थ आमच्या समितीने लावला. नाकारता न येणाऱ्या शक्यतांवर आमच्या तालुक्यात बरंच बांधकाम उभं आहे.

पाड्याच्या लेखी तो दगड वाघोबा होता. रान दाराशी आहे आणि बिबट्या काही कल्पनेतला नाही. दरसाल एखाद-दुसरी शेळी जातेच. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाडा त्याला शेंदूर चढवतो, नारळ फोडतो, कोंबडा देतो. भाऊबीज झाली की पाड्यावरची धडधाकट माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे वाघबारशीला त्याला एक गोष्ट सांगायचीही असते: आमी चाललो, मागं राहिलेल्यांव नजर ठेव. मागे राहतात ती म्हातारी माणसं, शेळ्या आणि बंद दारं.

दगड हलवण्याआधी समितीने रीतसर परवानगी घेतली होती. ती गावाकडून. दगड पाड्याचा होता, गावाचा नव्हता, त्यामुळे परवानगी देणं गावाला अजिबात जड गेलं नाही. सगळा पाडा खाचरात कापणीला गेला होता तेव्हा दुपारी पिकअप आली आणि देव घेऊन गेली.

पहिल्या पुष्पाच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या दारात तिघं उभी राहिली. माझा एक जुना विद्यार्थी, त्याची आई आणि त्याची बायको. हा विद्यार्थी सातवीत असताना आईबापांबरोबर भट्टीवर गेला तो पुन्हा शाळेत आला नाही. आता त्याची मुलगी सातवीत होती. वसतिगृहात तिला जागा मिळाली नव्हती. म्हणून या वर्षी तिला भट्टीवर न नेता पाड्यावर आजीजवळ ठेवायचं, शाळा तोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. हे ठरवून घ्यायला मी दोन पावसाळे त्यांच्या ओट्यावर बसून काढले होते.

“बाई, देव न्यायला आलोय,” तो म्हणाला.

“कुठला देव?”

“आमचा. तुमच्या हॉलात हाय म्हनतात.”

“कांद्याच्या गोनीवानी घातला गाडीत,” म्हातारी म्हणाली. “आन वरती ताडपत्री. देवाला ताडपत्री! काय भिजनार होता का तो?”

सून आतापर्यंत उंबऱ्याबाहेर उभी होती. ती तिथूनच बोलली. “बाई, मी सरळ सांगते. पोरीला ठेवाची तर देव जाग्याव पायजे. नायतर ती माझ्यासंगं येनार.”

“अगो, पन तिची शाळा...” नवरा म्हणाला.

“शाळा हाय रे. रातच्याला वाघ येतो तवा शाळा येते का?”

मी शाळेच्या बाजूने आयुष्यभर बोलत आले आहे. माझा स्वतःचा वाघोबावर विश्वास नाही. पण माझा व्याख्यानांवरही नाही, आणि तरी मी दरवर्षी पहिल्या दिवसापासून जाऊन बसते. तेव्हा दुसऱ्याच्या रिवाजाला हसण्याचा अधिकार मला नव्हता. शिवाय हिशेब अगदी सरळ होता. दगड वेशीवर असला तर मुलगी शाळेत, नसला तर भट्टीवर. शिक्षण खात्याच्या कुठल्याही योजनेत मी इतकी स्वस्त अट पाहिलेली नाही.

त्यांना चहा दिला आणि मी तडक हॉलवर गेले. मागच्या खोलीत एक रंगारी उकिडवा बसून वायर ब्रशने दगड घासत होता. खोलीभर थिनरचा वास. बाजूला शेंदराची खपली पडली होती, चांगली नारळाच्या करवंटीएवढी जाड, थरावर थर. आमच्याकडे देवाच्या अंगावरचा असा शेंदूर वर्षानुवर्षं साचून आपोआप सुटला तर त्याला देवाने खोळ टाकली म्हणतात. मग ती खोळ वाजतगाजत नेऊन वाहत्या पाण्यात सोडतात. कुणाच्या आजोबांनी, पणजोबांनी लावलेला शेंदूर असतो तो. इथे तो अर्धा घंटागाडीत गेला होता आणि उरलेला जाण्याच्या तयारीत होता.

अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे होते. चेहरा उतरलेला. “बाई, आत काहीच निघालं नाही हो.”

“दगड निघाला ना.”

“तेच म्हणतोय.”

मी त्यांना पाडा, वाघबारस, मुलगी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खरंच ऐकून घेतलं. त्यांचे डोळे मोबाइलकडे गेले नाहीत. “बाई, आज कसा देऊ? चौथ्या दिवशी अनावरण आहे. पाहुण्यांना शब्द गेलाय.”

“वाघबारस त्याच दिवशी आहे.”

“मग उत्तम! कार्यक्रम संपला की त्याच पिकअपने वेशीवर पोचता करतो. माझा शब्द.”

मी घरी येऊन तो शब्द तिघांना पोचवला. म्हातारीने विचार केला. “चालंल. कंदील धरून बसवू. उघडा केलाय तर नवा शेंदूर आमीच लावू.” मग तिने मला धीर दिल्यासारखं म्हटलं, “देवाला बी कदी तालुका दाखवावा, बाई.”

पहिलं पुष्प धर्मावर होतं. देव ही माणसाच्या भीतीची निर्मिती आहे, असं वक्त्यांनी सिद्ध केलं. त्याआधी त्यांनी समई लावली, सरस्वतीच्या फोटोला हार घातला आणि नारळ वाढवला. दुसरं पुष्प राजकारणावर. लोकसहभागाशिवाय लोकशाही पोकळ आहे, असा त्याचा सूर होता. लोकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्यावेत, अशी सूचना तीनदा झाली आणि वेळेअभावी एकही वाचला गेला नाही.

तिसरं पुष्प स्थलांतरावर होतं. पुण्याहून आलेल्या बाईंनी पडद्यावर वीटभट्टीचे फोटो दाखवले. फोटो सुंदर होते. धूर, संध्याकाळचं तांबडं ऊन, विटांच्या ओळींमधून डोक्यावर पाटी घेऊन चालणारी एक बाई, पाठमोरी. समोरच्या सोफ्यावरून कुणीतरी कॅमेऱ्याचं मॉडेल विचारलं. त्या बाई म्हणाल्या, “स्थलांतरित माणूस जाताना आपला देव सोबत नेतो.” टाळ्या पडल्या. मीही वाजवणार होते, इतकं वाक्य चांगलं होतं. मग मला आठवलं की आमच्याकडे देव आधी गेलाय आणि माणसं अजून पाड्यावरच आहेत. देव माझ्यापासून दोन भिंतींपलीकडे थिनरच्या डब्याशेजारी होता. मी हात मांडीवर ठेवून बसले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी कानाशी येऊन विचारलं, “आवडलं नाही का?” मी म्हटलं, “आवडलं. तेच वाईट आहे.”

चौथ्या दिवशी पाडा आला. दहा-बारा माणसं, अंगावर धुतलेले कपडे, म्हातारीच्या हातात नव्या फडक्यात गुंडाळलेला शेंदूर आणि तेलाची बाटली. सतरंजीवर मांडी घालून बसली. माझ्या विद्यार्थ्याची मुलगी शाळेच्या गणवेशात आली होती, कारण तोच तिचा चांगला कपडा होता. स्वयंसेवकाने त्यांना सांगितलं, “मागे सरका, मागे सरका, पाहुण्यांना वाट ठेवा.” मागे भिंत होती. ती माणसं भिंतीला टेकली.

व्यासपीठावर मखमली कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. पाहुणे, म्हणजे निवडून आलेले गृहस्थ, यथासांग उशिरा आले. दोरी ओढली, कापड पडलं, काळा बोडका दगड दिसला. मागे सतरंजीवर कुणीतरी जोरात श्वास घेतला. त्यांनी त्याला असा उघडा कधी पाहिलाच नव्हता. म्हातारीने नमस्कारासाठी उचललेले हात अर्ध्यावर थांबले आणि मग तिने ते जोडलेच.

वक्ते दगडाजवळ गेले. हातात लेझरची लाल टिकली. “बघा, ही झिजलेली घोड्याची मान. हा उगारलेला हात. आणि या तिरक्या, समांतर रेषा! या तलवारीच्या वाराच्या खुणा शिल्पकाराने मुद्दाम दाखवल्यात.”

त्या रेषा वायर ब्रशच्या होत्या. त्या पडताना मी पाहिल्या होत्या.

तासभर ते बोलले. घाटवाटा आल्या, जकातनाकी आली, अनामिक योद्धा आला, त्याची विधवा आली. माणूस विद्वान होता आणि घाटवाटांबद्दल बोलत होता तोवर खरंच चांगला बोलत होता. म्हणूनच मला जास्त चीड आली. मूर्खाने मूर्खपणा केला तर हसून सोडता येतं. शिकलेल्या माणसाने दगडासमोर उभं राहून घोडा पाहायचा, कारण पहिल्या रांगेला घोडा हवा आहे, याला क्षमा नाही. अज्ञानाची मला सवय आहे. मी शाळेत नोकरी केली. हे अज्ञान नव्हतं. ही खुशामत होती, तीसुद्धा संदर्भांसह.

प्रश्नांची वेळ आली. मी म्हातारीच्या वतीने चिठ्ठी लिहून दिली होती: आमचा देव कधी देता? अध्यक्षांनी ती वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. दुसरी उघडली. ती वक्त्यांच्या आगामी पुस्तकाबद्दल होती.

म्हातारी भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. “दादा, झालं का तुमचं बघून?”

हॉलमध्ये हशा पिकला. वक्तेही हसले, प्रेमाने. “आजी, हा देव नाही. हा इतिहास आहे.”

“असंल. आज आमाला पूजाया द्या. मंग पुना इतिहास करा.”

याला सगळ्यात मोठा हशा आला. टाळ्याही पडल्या. म्हातारीला वाटलं काम झालं. ती फडकं सोडून शेंदूर बाहेर काढायला लागली.

तेवढ्यात पाहुण्यांनी माइक मागितला. अशा माणसांना टाळ्या दुसऱ्या कुणासाठी वाजलेल्या सहन होत नाहीत. “या माउलीची भावना आपण ऐकली,” ते म्हणाले. “हा वीर कुणा एका पाड्याचा नाही, तो अख्ख्या तालुक्याचा आहे. मी आज या मंचावरून जाहीर करतो, आपला हा वारसा या वास्तूतून हलणार नाही! त्याचं भव्य स्मारक इथेच होईल!”

सोफ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग गादीच्या खुर्च्यांनी, मग प्लॅस्टिकने. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग टाळी वाजवली. न पाहता वाजवली असती तर मी समजू शकले असते.

मी उभी राहिले. मला बोलायचं होतं. माझ्याबरोबर सगळा हॉल उभा राहिला, कारण राष्ट्रगीत सुरू झालं होतं.

ते संपल्यावर मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, “बाई, आता जाहीर झालं. जाहीर झाल्यावर कसं देता येईल?” मी म्हटलं, तुमचा शब्द आधीचा होता. ते म्हणाले, “तो आपल्यातला होता हो. हा मंचावरचा आहे.” हे त्यांनी इतक्या निर्मळपणे सांगितलं की मला क्षणभर त्यांच्या जागी सबंध देश दिसला. दुसऱ्या दिवशी मी टेम्पो ठरवून हॉलवर गेले. हॉलला कुलूप होतं. किल्ली अध्यक्षांकडे होती आणि अध्यक्ष दिवाळीसाठी मुलाकडे गेले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. मुकादमाचा ट्रक उभा होता. ताडपत्री, भांडी, कोंबड्यांची टोपली, सगळं चढलं होतं. ऐनाखाली दगडाच्या जागी खळगा होता. म्हातारीने त्यात पणती ठेवली होती.

“पणती का?” मी विचारलं.

“घर त्याचंच हाय ना,” म्हातारी म्हणाली.

माझा विद्यार्थी माझ्या नजरेला नजर देत नव्हता. बायको देत होती. मी तिला म्हटलं, अजून विचार कर, बिबट्याला दगड दिसत नाही. ती म्हणाली, “मला दिसतो बाई. तिकडं भट्टीव झोपल्याव मला दिसाया पायजे तो. मंग झोप लागते.” याच्याविरुद्ध माझ्याजवळ एकच मुद्दा होता आणि तो माझ्या शेजारी दप्तर घेऊन उभा होता. दप्तर ट्रकमध्ये जाणार की घरात राहणार, याचा निर्णय दप्तराला विचारून होत नाही.

चढण्याआधी मुलीने मला विचारलं, “बाई, त्या दगडाव घोडा होता?”

“नव्हता.”

“मंग समद्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या?”

मी सातवीला इतकी वर्षं शिकवलं. या वयातली मुलं असे प्रश्न विचारतात आणि पुढे शाळेत राहिली तर हळूहळू विचारेनाशी होतात. मी म्हटलं, “तू आलीस की सांगते.” ट्रक गेला. म्हातारी शेळ्या सोडायला गेली.

पौषात मी अध्यक्षांच्या दुकानात जाऊन पुन्हा विषय काढला. स्मारकाचं काय झालं? ते म्हणाले, पाहुणे आता दुसऱ्या कामात आहेत. मग दगड तरी द्या. त्यांनी माझ्याकडे कळवळून पाहिलं. “द्यायला काय हो, बाई. पण पाड्यावर तो घ्यायला आहे कोण?” बाहेर त्यांच्या दुकानासमोर विटांचा ट्रक रिकामा होत होता. धूळ आत येऊ लागली म्हणून त्यांनी काचेचं दार लावून घेतलं.

मी मुलीच्या बापाला फोन केला. तो म्हणाला, “आमी आल्याव बघू. आमच्याबिगर त्याला कोन बसवनार?” मागे विटा रचल्याचा आवाज येत होता. मुलगी काय करते, विचारलं. धाकट्याला सांभाळते, म्हणाला. पुस्तकं? “हायत. कोरडी ठेवलीत.”

शहापूरच्या व्याख्यानमालेने या वर्षी ‘मुरबाडचा अज्ञात वीर’ या विषयावर आमच्याच वक्त्यांना बोलावल्याचं कळलं. आमचे अध्यक्ष त्या दिवसापासून खुशीत आहेत.

मध्यंतरी हॉलमध्ये एका शाळेचं स्नेहसंमेलन झालं. नाचाला व्यासपीठ अपुरं पडायला लागलं म्हणून वीराला खाली उतरवण्यात आलं. हॉलचं पूर्वेकडचं दार फार दिवसांपासून खिळखिळं झालेलं आहे. वारं सुटलं की ते आपटतं आणि वक्त्यांची लय बिघडते. समितीत त्यावर पूर्वी दोनदा चर्चा झाली होती. आता दगड त्या दाराला लावून ठेवला आहे.

दार आपटायचं थांबलं आहे.